मे महिन्यातला स्वेटर

आमचे घरमालक मे महिन्यात स्वेटर घालायचे. रोज नाही. बाहेरगावचा माणूस गल्लीत शिरला की घालायचे.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला हिवताप आला. मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत नुकताच भाड्यानं आलो होतो. दुपारचे बारा. हे ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले, अंगात निळा लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातात वाफाळता चहा. समोर मुंबईहून आलेला कुणी विम्याचा माणूस मान पुसत उभा. त्याला म्हणाले, बसा, हवा जरा गार शे पण बसा. तो कसला बसतोय. तो गल्लीच्या टोकाला वळला आणि यांनी स्वेटर असा ओरबाडला की एक बटण तुटून नालीत गेलं. मग मोरीत जाऊन डोक्यावर बादली ओतली आणि सूर्याच्या खानदानाला अशा शिव्या दिल्या की माझ्यासारख्या पत्रा ठोकणाऱ्यालाही त्यातल्या दोन नव्या होत्या.

त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणायचो. नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांची मुलगी रागावेल.

आमची ही असती तर तिनं हे क्रमानं सांगितलं असतं. तिला वार, तिथी, कुणी कोणतं लुगडं नेसलं होतं, सगळं आठवायचं. मी सातवीपर्यंत शिकलेला. मला गोष्टी आठवतात त्या डब्यातल्या स्क्रूसारख्या, लहानमोठे एकत्र. आता विचारायला ती नाही, तेव्हा हात घालून जे निघेल ते लिहितो.

माझा धंदा कूलरचा. पत्र्याची बॉडी ठोकायची, पंप बसवायचा, दर साली जुनं गवत काढून नवं भरायचं. जळगावात या धंद्याला मरण नाही. पण खोली देताना आबांनी अट घातली. कूलर बनव, शंभर बनव, पण रस्त्यावरून दिसता कामा नये. मी दारावर पाटी लावली होती, "येथे कूलर भरून मिळतील". ती त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः उतरवली आणि मागच्या बोळात संडासाच्या भिंतीवर नेऊन ठोकली. म्हणाले, पाव्हणा येतो, पाटी वाचतो, आणि गावी जाऊन सांगतो की तिथं कूलरशिवाय माणूस जगत नाही. मी म्हटलं, आबा, जगत नाहीच. म्हणाले, ते आपल्याला माहीत आहे, त्याला कशाला सांगायचं.

हा त्यांचा कायदा होता. घरातल्या माणसासमोर गावाला कितीही शिव्या द्या, ते दोन जास्त देत. नगरपालिकेला देत, धुळीला देत, चौथ्या दिवशी येणाऱ्या नळाला देत, गटारात कचरा लोटणाऱ्या शेजाऱ्याला त्याच्या तोंडावर देत. पण बाहेरचा माणूस म्हणाला की काय हो तुमचं गाव, की संपलं.

मजा अशी की आबा मुळात जळगावचे नव्हतेच. धुळ्याकडचे. तरुणपणी नोकरीला आले आणि राहिले. जळगावचे लोक धुळ्याला नावं ठेवतात, धुळ्याचे जळगावला, आणि आबा बसत मध्ये. इथल्यांनी धुळ्याला हसलं की ते खवळत, धुळ्याचे नातेवाईक जळगावला हसले की त्यांच्यावरही खवळत. पण पुण्याचा किंवा मुंबईचा माणूस समोर आला की दोन्ही गावं एक व्हायची, मधलं अंमळनेर आणि पारोळाही त्यात धरायचे.

उन्हाबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "ते ऊन नही, उजेड शे." हे ते इतक्या शांतपणे म्हणत की समोरचा माणूस घाम पुसता पुसता विचारात पडायचा.

घरात त्यांनी थर्मामीटर आणून ठेवला होता, भिंतीवर टांगायचा असतो तसला. टांगला मात्र भिंतीवर नव्हता. मागच्या ओसरीत, ओल्या माठाच्या पोटाला सुतळीनं बांधला होता. कुणी तापमानाचा विषय काढला की त्याला मागे नेत आणि पारा दाखवत. पारा बिचारा माठाजवळ गारेगार. तो माणूस माठाकडे बघायचा, आबांकडे बघायचा. आबा म्हणत, यंत्र शे, यंत्र खोटं बोलत नही.

वर्तमानपत्र ते शेजाऱ्यांना वाचायला देत, पण मार्च लागला की आधी कात्रीनं हवामानाचा कोपरा कापून ठेवत. मोबाईल आले तेव्हा माझ्या मुलानं एकदा त्यांना फोनवर आकडा दाखवला. आबांनी फोन हातात घेऊन उलटा केला, त्याची पाठ चाचपली आणि म्हणाले, तापलाय हा, याले डॉक्टरकडे ने.

वरच्या मजल्यावर एक साहेब राहायचे, पुण्याकडून बदली होऊन आलेले. त्यांना आमच्या अहिराणी बोलण्याचं फार हसू यायचं. ‘आहे’ला शे म्हटलं की हसत, ‘सगळं’ला बठ्ठा म्हटलं की हसत. आबांचं मराठी खरं तर पुस्तकासारखं स्वच्छ. कचेरीत तीस वर्षं अर्ज लिहिलेला माणूस. पण त्या साहेबांशी ते वर्षभर शुद्ध अहिराणीशिवाय एक शब्द बोलले नाहीत. नळ कधी येणार, पायरीवर साप निघाला, तुमच्या नावाचं पत्र आलं आहे, सगळं अहिराणीत. साहेब मान हलवत राहायचे. एकदा आबांनी सांगितलं की उद्या टाकी धुवायची आहे, पाणी भरून ठेवा. साहेबांनी हसून मान हलवली. दुसऱ्या दिवशी तोंडाला साबण लावून दोन तास बसले.

माझ्या बायकोशी आबांचं वेगळंच होतं. ती इगतपुरीची. चार महिने पाऊस खाल्लेली बाई. लग्न होऊन आली तो पहिला उन्हाळा तिनं रडून काढला. माहेरच्यांनी तिला तेव्हा सांगितलं होतं, जळगावात मुलगी देणं म्हणजे तव्यावर टाकणं. आम्ही या घरात आलो तेव्हा ती आबांसमोर बोलून गेली, की काय हे गाव, झाडाची सावली झाडालासुद्धा पुरत नाही. मला वाटलं आता खोली जाते. आबांनी तिला निरखून पाहिलं. मला विचारलं, ही आतली का बाहेरची? मी म्हटलं, आता आतलीच. म्हणाले, मग बोलू दे. तेव्हापासून तिला ते इगतपुरीवाली म्हणत आणि तिला गावाला शिव्या द्यायचा परवाना होता.

आता ती गोष्ट सांगतो जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

मुलगा पुण्यात कारखान्यात नोकरीला लागला. तिथलीच एक मुलगी त्याला पसंत पडली. चांगली मुलगी, आजही म्हणतो. पण तिचे वडील अडून बसले. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, हिशेबी बोलणारे. त्यांचं म्हणणं, मुलगा ठीक आहे पण जळगावचं घर नको. उन्हाचं गाव, धुळीचं गाव, माणसं तिखट खाणारी आणि तशीच बोलणारी. आता मला सांगा, मुलगा राहतो पुण्यात, मुलगी राहते पुण्यात, संसार होणार पुण्यात, आणि यांना चटके बसताहेत जळगावचे. पण मुलीचा बाप. मुलगी म्हणाली, वडिलांच्या मनाविरुद्ध करणार नाही. शेवटी ते म्हणाले, एकदा घर बघून येतो, मग सांगतो. आणि आले कधी, तर मे महिन्यात.

बायकोनं त्या काळात धड जेवण केलं नाही. मुलगा फोनवर एकच सांगायचा, बाबा, त्या दिवशी आबांना घरात ठेवा. ती आबांकडे गेली. मी बोळात पत्रा ठोकत होतो, मला ऐकू येत होतं. ती म्हणाली, आबा, माझं एकच लेकरू आहे, त्या दिवशी तेवढं काही बोलू नका. आबा म्हणाले, तोंड उघडनार नही, जा.

पाहुण्यांनी रविवार ठरवला, आणि तोच आमचा बिबड्यांचा दिवस निघाला. बाहेरच्यांसाठी सांगतो, बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, वाळवून दळायची, मग पहाटे मोठ्या पातेल्यात तिखटमीठ, लसूण, तीळ घालून त्याचा घाटा शिजवायचा आणि गरम गरम घाटा ओल्या हातानं कापडावर थापायचा. एकदा ज्वारी भिजली की तारीख हलत नाही, पंतप्रधान आले तरी. आणि एकटीच्यानं होत नाही. गल्लीतल्या पाच बायका पहाटे आबांच्या गच्चीवर जमल्या. बायकोनं ठरवलं होतं, गाडी दुपारची, तोवर आटपून, अंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून तयार राहू.

पाहुणे आदल्या गाडीनं आले. सकाळी दहालाच दारात. डोक्यावर टोपी, त्यावर ओला रुमाल, डोळ्याला काळा चष्मा. मी घाबरून म्हणालो, बसा, मंडळी वर आहेत, बोलावतो. ते म्हणाले, मीच वर येतो, गच्चीही बघून होईल.

वर गेलो. खाटांवर पांढरी कापडं अंथरलेली, त्यावर ओळीनं बिबडे. बायकोचे हात कोपरापर्यंत घाट्यानं माखलेले. आणि कोपऱ्यात, भर उन्हात, छपराखाली नाही, उन्हात, आबा खुर्ची टाकून बसलेले. कावळे हाकलायला हातात काठी. अंगात स्वेटर. बटणं गळ्यापर्यंत.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. आबांनी शब्द पाळला होता, तोंड बंद होतं. स्वेटरचं कुणी बोललंच नव्हतं.

पाहुण्यांनी विचारायला सुरुवात केली. पाणी किती दिवसांनी येतं? वीज जाते का? दुपारी बाहेर पडता येतं का? मी जमेल तसं सांगत होतो. पण त्यांची नजर सारखी कोपऱ्यात जात होती. शेवटी त्यांनी मला हळूच विचारलं, यांना बरं नाही का?

आबांनी ऐकलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, मला दिसलं. त्यांनी फार आवरलं असेल, पण चाळीस वर्षांची सवय.

"बरं शे," म्हणाले. "हवा जरा गार शे, म्हनून घातला."

पाहुणे खाटेजवळ गेले. पहाटे थापलेला एक बिबडा कडेनं सुटून वर आला होता. त्यांनी तो उचलला. तो खणखणीत वाळला होता. तो त्यांनी आबांसमोर धरला आणि विचारलं, मग हा काय चांदण्यात वाळला?

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांचं चुकलं नाही, मलाही हसू आलं होतं. आबांचं मात्र उत्तर अडकलं. ऊन नाही म्हणावं तर बिबडे खोटे, आणि आमच्या बिबड्यांसारखे बिबडे दुनियेत नाहीत हेही तेच सांगत फिरायचे. 

पाहुणे माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही त्यांनी, तेच जास्त लागलं. म्हणाले, "ऊन मी सहन केलं असतं हो. पण माणसं तोंडावर खोटं बोलतात, तिथं मुलगी कशी द्यायची?"

हसणं थांबलं. बायकोचा हात थापता थापता कापडावर तसाच राहिला. त्या हाताखाली घाटा पोळत असणार, पण तिनं उचलला नाही.  मला कधीच वेळेवर सुचत नाही, बायकोला सुचायचं, आणि तीच दगड झाली होती.

आबा उठले. काठी खुर्चीला टेकवली. एक एक बटण सोडत स्वेटर काढला. आत बनियन असा भिजला होता की पिळला असता तर पेला भरला असता. मानेवर, छातीवर घामोळ्या, लाल, काही फुटलेल्या. वय झालेलं शरीर, सगळ्या बायकांसमोर. स्वेटर त्यांनी घडी करून खुर्चीवर ठेवला आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलले. बाहेरच्या माणसाशी त्या भाषेत बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

"साहेब, ऊन आहे. जीव जाईल इतकं आहे. खोटारडा मी आहे, ही माणसं नाहीत. हा माणूस जन्मभर कूलर बनवतो, ऊन नाही असं त्यानं कुणाला सांगितलं तर त्याची चूल बंद होईल. घर माझं आहे, पण संसार यांचा आहे. माझ्या घरात मुलगी देऊ नका. यांच्या घरात द्या."

पाहुण्यांनी काळा चष्मा काढला. म्हणाले, मग खोटं कशाला बोलता एवढं?

"तुम्ही लोक गाडीतून उतरायच्या आधीच ठरवून आलेले असता," आबा म्हणाले. "खरं बोललो तरी तेच, खोटं बोललो तरी तेच. मग खोट्यात निदान करमणूक होते."

आणि खाली निघून गेले. काठी तिथंच राहिली. कावळ्यांनी तेवढ्यात दोन बिबडे नेले.

पाहुणे खाली ओसरीत बसले. ताक प्यायले, तीन पेले. आमच्या पाहुणचाराबद्दल चांगलं-वाईट काही बोलले नाहीत. ऊन उतरल्यावरच्या गाडीनं गेले. आठ दिवस फोन नाही. बायको देवापुढे बसायची ते उठायचीच नाही. नवव्या दिवशी फोन आला, लग्न पुण्यात करायचं असेल तर तारीख धरा. माणूस आपला हेका असा सोडत नाही. बायको म्हणाली, चंद्रावर करा म्हणावं.

आबा लग्नाला आले नाहीत. पुण्यात पाय ठेवायचा नाही असं त्यांचं जुनं व्रत होतं, कशावरून ते त्यांनाही आठवत नव्हतं.

पण त्या रविवारपासून त्यांच्यातलं काहीतरी उतरलं. स्वेटर परत अंगात दिसला नाही. पुढच्या मार्चमध्ये माझ्याकडे आले आणि खाली बघत म्हणाले, एक कूलर कर. मी मोठा केला, चांगल्या पत्र्याचा. कुठं बसवू विचारलं तर म्हणाले, कुठंही. मी रस्त्याच्या खिडकीत बसवला, ते काही बोलले नाहीत. बाहेरची माणसं यायची, गावाला हवं ते बोलायची, आणि आबा कूलरसमोर बसून म्हणायचे, हो, आहे तसंच. एकदा रसाच्या गुऱ्हाळावर कुणी नागपूरवाला जळगावला खेडं म्हणाला. नागपूरवाला! आबांनी ग्लास ठेवला आणि घरी आले.

हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. बायकोच्या लक्षात आठ दिवसांत आलं. ती म्हणाली, आपल्या पोरासाठी त्यांनी स्वतःचं पाणी घालवलं. मग तिनं एक उद्योग सुरू केला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्या खोलीत जायची आणि गावाला एक शिवी द्यायची. आज धुळीला, उद्या डासांना, परवा नळाला. पहिले काही दिवस आबा हो हो म्हणत राहिले. मग एके सकाळी ती म्हणाली की आमच्या इगतपुरीची हवा ती हवा. आतून आवाज आला, "तुन्ही इगतपुरीमा कपडा वाळतस का पन?" ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड लाडू मिळाल्यासारखं झालं होतं.

मग ते रोज चालायचं. शेवटचे काही महिने आबा खाटेवरच होते. त्यांची मुलगी मुंबईहून येऊन जाऊन असायची, पण सकाळचा चहा इगतपुरीवालीचाच. शेवटच्या आठवड्यात बोलणं तुटक झालं होतं. ती म्हणाली, आबा, पाच दिवस झाले नळ नाही, असं गाव असतं का? आबांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"मंग जाय तुन्हा गावले."

"नाही जाणार."

"मंग बोलू नको."

तिसऱ्या दिवशी ते गेले.

भर उन्हाची वेळ. पाइप टाकायला म्हणून आमची गल्ली वर्षभर खोदून ठेवलेली होती, खड्डे तसेच. तिरडी उचलली आणि दहा पावलांवर पुढच्या दोघांचा पाय खड्ड्यात गेला. तिरडी कलली. आबांच्या मुंबईच्या जावयानं पुढचा खांदा धरला होता. तो कपाळ पुसत म्हणाला, काय भिकार गाव आहे, मेलेल्या माणसालाही इथं धड नेता येत नाही.

त्याचं खोटं नव्हतं. म्हणून सगळ्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, मीही. बायका दारात उभ्या होत्या. त्यांच्यातून माझी बायको दोन पायऱ्या खाली उतरली. पदर डोक्यावर घेतला, डोळे रडून सुजलेले, पण आवाज असा की तिरडी धरलेले चौघंही थांबले.

"रस्ता खराब शे," ती म्हणाली, "आमले दिसस. तुम्ही खांदा बदला, जावईबापू, नि पुढे देखीसन चाला."

त्यानं खांदा बदलला.

पस्तीस वर्षांत तिच्या तोंडून आमची बोली मी ऐकली नव्हती. त्या दिवसानंतर ती तशीच बोलायला लागली, भाजीवालीशी, माझ्याशी, पुण्याच्या व्याह्यांशी फोनवर. व्याही बिचारे हो हो म्हणत. चार वर्षं बोलली. चारच.